आजोबांच्या गाडीत व्हॅनचं इंजिन

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमागे पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात ताडपत्रीखाली एक गाडी बारा वर्षं पडून होती. इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, वरून उघडी, गडद हिरवी. माझ्या आईचे वडील, म्हणजे माझे अण्णा आजोबा, ग्वाल्हेरला मोटारी दुरुस्त करत. देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली आणि तिच्यावरच आईला गाडी चालवायला शिकवली. ओढणी कमरेला बांधून, वेण्या उडवत गाडी चालवणारी मुलगी बघायला ग्वाल्हेरचे लोक सायकली थांबवून उभे राहत, असं आई सांगायची, आणि सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची. आजोबा गेले तेव्हा मामांनी घर ठेवलं आणि गाडी आईला दिली. मी चार वर्षांची असताना आई ती एकटीने चालवत दिल्लीला घेऊन आली. बाबा कौतुकाने म्हणत, लोकांच्या बायका माहेरहून लोणची आणतात, आमच्या बायकोने इंजिन आणलं.

ती धावत होती त्या दिवसांतलं मला फार थोडं आठवतं, पण जे आठवतं ते पक्कं आहे. रविवारी सकाळी आई मटार घातलेले पोहे करायची, तोवर बाबा गाडी पुसून ठेवत. मग मी आईच्या नाहीतर बाबांच्या मांडीवर, म्हणजे जो चालवत नसेल त्याच्या, आणि आम्ही रिंग रोडने निघायचो. इंजिनाचा आवाज खर्जातला होता. तो सीटमधून माझ्या पाठीत शिरायचा आणि मला झोप यायची. डोक्यावरून पालमला उतरणारी विमानं जायची, थंडीत रस्त्याकडेला शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा. आई काहीतरी गुणगुणायची आणि इंजिनाच्या आवाजात तिचं गाणं अर्धंच ऐकू यायचं. आज पन्नाशी उलटून गेल्यावरही प्रवासात डोळा लागताना मी आधी त्या सीटवर पोचते, मग झोपेत.

आता ते सांगायलाच हवं. मी सात वर्षांची होते, खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पाटावर मांडून पूजा होई. बाबांचे पाने आणि पक्कड, आईचं शिवणयंत्र, माझी कंपास पेटी. गाडीला हळदकुंकू, झेंडूची माळ. बॉनेट उघडं ठेवलेलं असे, कारण आजोबांकडे पूजा इंजिनाची व्हायची, रंगाची नाही, असं आईचं म्हणणं. काही दिवस आधी बाबांनी मला बॉनेटखालचं सगळं समजावून सांगितलं होतं. एका काळ्या झाकणाकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, हे गाडीचं तोंड, इथून ती तेल पिते. पूजेनंतर आईने सगळ्यांच्या हातावर पंचामृत घातलं. पाने आणि कंपास पेटी यांच्यावर फुलाने शिंपडलं. गाडीला मात्र कुणी काही दिलं नाही. मला ते फार वाईट वाटलं. आईबाबा जेवायची पानं घेत होते तेव्हा मी वाटीभर पंचामृत नेलं, स्टुलावर चढले, झाकण फिरवून काढलं आणि दूध, दही, तूप, मध, साखर सगळं गाडीच्या तोंडात ओतलं. झाकण परत लावलं आणि हात जोडले. नैवेद्य दाखवून आल्यासारखं समाधान वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सिव्हिल लाइन्समध्ये आईची मावशी राहायची, तिला सोनं द्यायला आम्ही निघालो. पुरण वाटताना आईच्या हाताला चटका बसला होता, म्हणून ती म्हणाली, आज तुम्ही चालवा. मी आईच्या मांडीवर, माझ्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. हिंदूरावच्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला, खरवडल्यासारखा झाला. आई म्हणाली, थांबवा. बाबा म्हणाले, चढ संपू दे, इथे मागे गाड्या आहेत. चढ संपायच्या आत आतून एकदा मोठा ठोका ऐकू आला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. हिंदूराव हॉस्पिटलच्या फाटकापाशी आम्ही तिघं नवे कपडे घालून उभे होतो. मिस्त्री आला, त्याने इंजिन फिरवून पाहिलं आणि जाम झालंय म्हणून सांगितलं. पूर्ण उघडावं लागेल, आणि हिचे भाग आता इंडियात मिलते नहीं.

आईने त्या दिवशी बाबांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिने थांबवा म्हटलं तेव्हा त्यांनी थांबवलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, पण ते म्हणणं बारा वर्षं टिकलं. गाडी शेडमध्ये गेली. मावशीचे यजमान दर दसऱ्याला सोनं देताना बाबांना चिडवत, जावईबापू, पानिपताला जायची गरजच नाही, तुम्ही हिंदूरावाच्या दारातच पानिपत केलंत. सगळे हसत, बाबाही हसत. आई हसत नसे. एरवी घरात गोडी होती. आई शाळेत गणित शिकवायची, बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, संध्याकाळी दोघं आल्याचा चहा घेत बाहेर खुर्च्या टाकून बसत. पण बाबांनी कधी घाई केली, काही सांडलं, एखादी बस चुकली, की आई हळूच म्हणे, तुम्हाला थांबा म्हटलं की कळतच नाही. त्या वाक्याच्या मागे ताडपत्रीखालची गाडी असायची. बाबा चहाचे कप उचलून आत नेत.

मला यातलं काही उमगलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलीला नैवेद्य आणि बिघाड यांचा संबंध कसा लागणार? तो लागला नववीत. विज्ञानाच्या बाई घर्षण शिकवत होत्या. यंत्रात तेल कशाला घालतात, त्यात पाणी किंवा साखर गेली तर काय होतं, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं, आणि मला ते काळं झाकण आणि पंचामृताची वाटी आठवली. त्या दिवशी मी घरी येऊन शेडमध्ये गेले, ताडपत्रीखाली शिरून आईच्या सीटवर बसले. ताडपत्रीतून उजेड हिरवट व्हायचा, आत धूळ आणि चामड्याचा वास. सांगून टाकायचं ठरवलं. घरात गेले तर आई मुळ्याचे पराठे लाटत होती, तिने पहिला माझ्या ताटात टाकला, वर लोण्याचा गोळा, आणि मी खाल्ला. मग रोजच उद्या सांगू असं व्हायला लागलं. माझ्या वाटचे बोल बाबा ऐकून घेत होते आणि मी समोर बसून पराठे खात होते. याची लाज मला आजही वाटते.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात गुडगाव शिरलं. आता त्याला गुरुग्राम म्हणतात आणि माझी मुलगी तिथल्या काचेच्या इमारतीत एकविसाव्या मजल्यावर काम करते. तेव्हा तिथे मोहरीची शेतं होती आणि शेतांमधून अर्धे बांधलेले मजले डोकं काढत होते. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, तिचा फ्लॅट तयार झाला. जगात रोज काहीतरी नवं येत होतं. शेजाऱ्यांकडे परदेशी चॅनेल, बाजारात शीतपेयांच्या नव्या बाटल्या, रस्त्यावर छोट्या नव्या मोटारी आणि डब्यासारख्या व्हॅन. सोसायटीच्या सेक्रेटरीने मात्र आधीच सांगून ठेवलं, खाली पार्किंगमध्ये चालती गाडीच उभी राहील, कबाडखाना होणार नाही. आईने दोन दिवस विचार केला. मग जेवताना म्हणाली, गाडी आपल्या पायांनी गुडगावला येत असेल तर येऊ दे. नाहीतर कबाडीला बोलवा, मी घरात नसताना. बाबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, ती येईल.

अशा रीतीने आमच्या घरात दारजी आले. सतनामसिंग त्यांचं नाव, दिल्लीच्याच नारायणा भागात त्यांचं गॅरेज होतं. उंच, पांढरी दाढी, बोलणं कमी. त्यांनी शेडमध्ये येऊन बॉनेट उघडलं, टेप लावून मापं घेतली आणि सांगितलं, जुनं इंजिन विसरा. मायापुरीच्या भंगारबाजारात एखाद्या अपघातात उलटलेल्या व्हॅनचं इंजिन मिळेल. नव्या छोट्या मोटारींची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात, ती इथे चालणार नाहीत. व्हॅनचं गाडीच्या लांबीला उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, शिवाय सीटखाली मावावं म्हणून ते तिरकं झोपवलेलं असतं, तेव्हा हे बॉनेट वरून आरामात बंद होईल. बाबांनी सगळं लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी जे केलं ते सगळ्या दिल्लीत फक्त तेच करू शकत होते. इंजिन बदलायच्या आधी त्यांनी वाहतूक कार्यालयात रीतसर अर्ज केला, की मी इंजिन बदलू इच्छितो, परवानगी मिळावी. तिथल्या बाबूने अर्ज तीनदा वाचला. लोक बदलून येतात साहेब, विचारून कोणी बदलत नाही, असं म्हणून त्याने बाबांना खुर्ची दिली आणि सहीसाठी सव्वा महिना चकरा मारायला लावल्या.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो. ऊन कोवळं होतं, दारजींच्या घरातून कुणीतरी गाजराच्या हलव्याच्या वाट्या आणून दिल्या. चेन-कप्पी खडखडत फिरली आणि आजोबांचं इंजिन हळूहळू वर आलं, हवेत लटकलं, थोडं गोल फिरलं. आई त्याच्याकडे बघत उभी होती. ते खाली बाकावर ठेवल्यावर दारजींनी कपड्याने हात पुसले आणि बाबांना विचारलं, "साहबजी, खोल के देख लूँ? पता तो चले, जाम क्यों हुआ था." माझ्या हातातली वाटी गार पडली होती. आमच्या बाबांचा स्वभाव असा, की कुकरची शिट्टी बिघडली तरी कारण कळल्याशिवाय ते ती फेकू देत नसत. इस्त्री, घड्याळ, पंखा, सगळं वर्तमानपत्रावर पसरून कारण शोधणारा माणूस. आता झाकण निघणार, तळाशी काय साचलंय ते दिसणार आणि आई विचारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाबा म्हणाले, "नहीं दारजी, रहने दीजिए. ऐसे ही कबाड़ में दे दीजिए. खोलना नहीं है."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही नको म्हणताय? तुम्ही?" मग तिचं तिलाच उत्तर सापडल्यासारखं ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बरोबर आहे. स्वतःचीच चूक निघायची भीती."

बाबांची नजर एकदा माझ्यावर आली आणि लगेच कप्पीकडे गेली. तेवढ्यात मला सगळं कळलं. त्यांना माहीत होतं. आजपासून नाही, कालपासून नाही, पहिल्यापासून. गाडीचं तोंड कुठे असतं ते मला दुसऱ्या कुणी दाखवलं होतं? मी गॅरेजच्या मागे हातपंपावर जाऊन वाटी धूत बसले, खूप वेळ, आणि दारजींच्या बायकोने मला विचारलं की बेटा, कढईसुद्धा धुणार आहेस का.

नवं इंजिन बसायला महिना लागला. त्याला टेकू नवे करावे लागले, मागची चाकं फिरवणारा दांडा कापून आखूड करावा लागला, आणि गिअरचा दांडा मूळच्या जागेपेक्षा वीतभर मागे निघाला, त्यामुळे गिअर टाकताना चालवणाऱ्याचं कोपर सीटला लागायचं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आम्ही बॉनेटभोवती उभे होतो. खर्ज गेला होता. त्या जागी बारीक, एकसारखी गुणगुण, शेजारच्या खोलीत कुणीतरी शिवणयंत्र चालवावं तशी. दारजी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते, बाबा जमिनीकडे. आई जरा वेळ ऐकून म्हणाली, माहेरचं घर तेच आहे, आत भाडेकरू नवे आलेत. मग ती गाडीत बसली, कोपर सीटला आपटून घेतलं, आणि गल्लीत एक फेरी मारून आली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि ती ग्वाल्हेरची मुलगी दिसत होती.

घर हलवायच्या दिवशी सामानाचा ट्रक पहाटेच निघाला आणि बाबा यादी घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. आई आणि मी गाडीतून मागाहून निघालो. मेहरौली मागे पडली, मग छतरपूर, मग खडी काढलेल्या टेकड्या, आणि त्यांच्या पलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. एवढं पिवळं मी कधी बघितलं नव्हतं. धुकं विरत होतं, वारा कानात शिरत होता, आई गुणगुणत होती आणि या इंजिनाच्या आवाजात तिचं गाणं पहिल्यांदाच पुरतं ऐकू येत होतं. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये, मी आयुष्यभर या सीटवर बसून राहावं. तेवढ्यात आई म्हणाली, "बघ, नीट चालवली तर गाडी कशी चालते. तुझ्या बाबांनी त्या दिवशी एक मिनिट ऐकलं असतं तर अण्णांचं इंजिन आज असतं."

मी सांगितलं. स्टूल, काळं झाकण, वाटी, हात जोडले ते, सगळं. नववीतला घर्षणाचा धडासुद्धा. बोलताना मी मोहरीकडे बघत होते. आईने गाडी कच्च्यात उतरवली आणि बंद केली. कुठेतरी ट्यूबवेल धडधडत होता. मला वाटलं, आता ती मारेल, आणि मारावं असंही वाटलं. तिने एवढंच विचारलं, "बाबांना माहीत आहे?" मी म्हटलं, गॅरेजमध्ये त्यांनी उघडू दिलं नाही ना, तेव्हा मला वाटलं, माहीत असणार. आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग तिने गाडी सुरू केली आणि परत रस्त्यावर घेतली.

एक सांगून टाकते. पुष्कळ वर्षांनी मी एका मोटार इंजिनियरला हे विचारलं. तो म्हणाला, वाटीभर पंचामृताने इंजिन जाम होईलच असं नाही, तीस वर्षांचं जुनं इंजिन चढावर असंही गेलं असतं. उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी त्याचे आभार मानले. कारण शोधणाऱ्या माझ्या बाबांनी एक कारण आयुष्यभर बंद ठेवलं, तेव्हा मीही ते तसंच ठेवलंय.

सोसायटीच्या फाटकात ट्रक उभा होता. बाबा हातात यादी घेऊन एकेका नगावर खूण करत होते. आई गाडी चालूच ठेवून उतरली, तिच्यामागून मीही उतरले, आणि ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नीलूने सांगितलं मला. तुम्हाला केव्हा कळलं होतं?"

बाबांनी यादीची घडी घातली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तेलाचं झाकण काढलं होतं मी. आत तुळशीचं पान चिकटलं होतं."

"आणि बारा वर्षं गप्प बसलात."

"सात वर्षांची होती गं ती. तुझा राग मला झेपत होता. तिला नसता झेपला."

मला वाटलं होतं की हे ऐकून आई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवेल, किंवा माझ्याकडे वळेल. ती जास्तच चिडली. आवाज मात्र चढला नाही, आणि तिचे डोळे भरले होते. "म्हणजे मी माझ्या सात वर्षांच्या लेकीला टाकून बोलले असते, असं वाटलं तुम्हाला? एवढाही भरवसा नव्हता माझ्यावर? एक तप तुम्ही मला बिनचुकीच्या माणसाला बोलू दिलंत. आता ते सगळे शब्द मी कुठे नेऊन ठेवू?"

बाबा म्हणाले, "चुकलंच माझं." इतक्या वर्षांत त्यांनी न केलेली चूक कधी कबूल केली नव्हती, नुसती ऐकून घेतली होती. ही केलेली होती आणि ती त्यांनी लगेच मान्य केली. ट्रकवाले पलंग खांद्यावर घेऊन आमच्यामधून वाट काढत गेले.

आईने पदराने तोंड पुसलं. मग ती गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेली, आत बसली आणि समोर बघत म्हणाली, "या. चालवा." बाबा म्हणाले, अगं सामान उतरायचंय. आई म्हणाली, नीलू बघेल. बाबांनी यादी माझ्या हातात दिली. स्टिअरिंगमागे बसताना त्यांचे गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, त्या दसऱ्यानंतर ते तिथे बसलेच नव्हते. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा गिअरचा दांडा त्यांना जुन्या जागी सापडेना, तेव्हा आईने त्यांचा हात धरून वीतभर मागे नेला आणि तो तसाच धरून ठेवला. गाडी फाटकाबाहेर पडली, नव्या, मोकळ्या रस्त्याने मोहरीच्या बाजूला वळली आणि ती बारीक गुणगुण कमी कमी होत गेली. मी यादी उघडून उभी राहिले. ती दोनच माणसांची गाडी होती, आणि माझ्याशिवाय तिच्यात बसलेली ती दोघं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.